आपला कोण? : नॅशव्हिलचा कंट्री संगीत पारितोषिक समारंभ

पारितोषिक देणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. ज्याचे काम सरस त्याला ते द्यावे, एवढाच त्यातील न्याय. परंतु ज्यांनी कधी परीक्षकाच्या खुर्चीत बसून गुणपत्रक भरले आहे, त्यांना हे ठाऊक असते की, ‘सरस कोणते?’ या प्रश्नाच्या आधी दुसराच एक प्रश्न दारात उभा असतो: ‘स्पर्धेत बसू शकते कोणते?’ पहिल्या प्रश्नाची चर्चा सर्वांसमक्ष होते. दुसऱ्याचा निकाल बहुधा नियमांच्या कागदावर, फारशी वाच्यता न होता लागून गेलेला असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मराठी लोकगीतांची स्पर्धा ठेवली होती. एका मुलीने आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. गळा स्वच्छ, लय पक्की. पण ओव्यांतील निम्मे शब्द कानडी. स्पर्धा मराठी गीतांची असल्यामुळे मी तिचे नाव यादीतून वगळले. नियमाला धरूनच ते झाले होते. समारंभ आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “सर, आमच्या घरी यालाच मराठी म्हणतात.” या वाक्याला द्यावे असे उत्तर मजपाशी नव्हते.

हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आणि कोट्यवधी प्रेक्षकांच्या देखत गेली अर्ध्या शतकाहून अधिक काळ एका समारंभात विचारला जात आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल येथील ‘कंट्री म्युझिक असोसिएशन’ ही संस्था १९६७ पासून दर वर्षी कंट्री संगीताची पारितोषिके देत आली आहे. या समारंभाची माहिती करून देणे आणि त्याच्या इतिहासातून आपल्यासारख्या संस्थांनी काय ध्यानात घ्यावे याचा थोडा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संगीत आणि त्याचे नाव

‘कंट्री’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत: गावाकडचा मुलूख हा एक आणि स्वदेश हा दुसरा. या संगीताच्या चाहत्यांना हे दोन्ही अर्थ एकाच वेळी अभिप्रेत असतात आणि वादाचे बरेचसे मूळही त्यातच आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील डोंगराळ खेड्यांत स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड येथून आलेल्या वसाहतकारांनी आपल्याबरोबर कथागीते आणि फिडल, म्हणजे लोकवादनातील व्हायोलिन, आणले. गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर बँजोचा पूर्वज आला. त्यात चर्चमधील भजनांची आणि कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गायकीची भर पडली. कोळशाच्या खाणी, कापसाची शेते, आगगाडी, तुरुंग, दारू, मोडलेला संसार आणि आईची आठवण हे या गाण्यांचे नेहमीचे विषय होत.

सांगण्यासारखी गोष्ट अशी की, हे संगीत जन्मतः मिश्र असूनही बाजारात येताच त्याची वाटणी झाली. १९२० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी गोऱ्या खेडुतांची गाणी एका सूचीत व कृष्णवर्णीयांची गाणी दुसऱ्या सूचीत छापावयास आरंभ केला. पहिल्या सूचीस ‘हिलबिली’ म्हणत, दुसरीस वंशवाचक नाव असे. गाणारे मात्र एकमेकांच्या ओसरीवर बसून शिकत होते. १९२७ मध्ये ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर यांनी कार्टर कुटुंबाची आणि जिमी रॉजर्स यांची गाणी प्रथम मुद्रित केली. या घटनेस कंट्री संगीताचा प्रारंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. या कार्टर कुटुंबाचे प्रमुख ए. पी. कार्टर डोंगरातून गाणी गोळा करीत हिंडत, तेव्हा चाली स्मरणात ठेवण्याचे काम त्यांचा कृष्णवर्णीय सोबती लेस्ली रिडल करी. पुढच्या पिढीतील थोर गायक हँक विल्यम्स यांना अलाबामातील रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या कृष्णवर्णीय वादकाकडून बालवयात धडे मिळाले. सूची दोन होत्या. विद्या एकच होती.

‘हिलबिली’ हा शब्द आपल्याकडील ‘गावठी’ किंवा ‘खेडवळ’ या शब्दांच्या जवळचा आहे. तो शहरी माणसाने हेटाळणीने वापरलेला शब्द. खुद्द कलावंतांना तो बोचत असे. आपल्याकडेही तमाशास पांढरपेशा सभागृहात आणताना ‘लोकनाट्य’ हे नवे नाव घ्यावे लागले, हे येथे आठवते. अमेरिकेतही तसेच घडले. ‘हिलबिली’ जाऊन ‘कंट्री अँड वेस्टर्न’ आले, आणि शेवटी नुसते ‘कंट्री’ उरले. नाव बदलण्याच्या या प्रयत्नाचे फळ म्हणजेच हा पारितोषिक समारंभ होय.

२. समारंभाची जन्मकथा

नॅशव्हिल हे या संगीताचे माहेरघर झाले ते नभोवाणीमुळे. तेथील एका विमा कंपनीने १९२५ मध्ये डब्ल्यू. एस. एम. हे नभोवाणी केंद्र सुरू केले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जॉर्ज हे या निवेदकाने शनिवार रात्रीचा खेडुती गाण्याबजावण्याचा कार्यक्रम आरंभिला. १९२७ मध्ये एका रात्री या कार्यक्रमाच्या आधी अभिजात पाश्चात्य संगीताचा कार्यक्रम झाला. त्याची गंमत करीत हे यांनी आपल्या कार्यक्रमास ‘ग्रँड ओल ओप्री’ असे नाव दिले. ‘ग्रँड ऑपेरा’ या भारदस्त शब्दाचा तो गावरान उच्चार होता. हे नवे नाव मिळण्याच्या प्रसंगी ज्याचे वादन लागले, तो कलावंत म्हणजे डीफोर्ड बेली. माउथ ऑर्गनवर धावत्या आगगाडीचा हुबेहूब आवाज काढण्यात त्याचा हातखंडा होता. तो गुलामगिरीत जन्मलेल्या आजोबांचा नातू होता. या बेलीकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

१९४३ पासून १९७४ पर्यंत हा कार्यक्रम नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात होत असे. १८९२ मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेली ही इमारत. त्यामुळे श्रोत्यांची बैठकही चर्चमधील बाकांवरच. पुढे शहराबाहेर नवे नाट्यगृह बांधण्यात आले, तेव्हा रायमनच्या रंगमंचाचा एक गोल तुकडा कापून नव्या रंगमंचाच्या मध्यभागी बसविण्यात आला. आजही गायक त्या जुन्या लाकडावर उभा राहून गातो. परंपरा म्हणजे काय हे त्या लोकांना समजत नव्हते असे म्हणता येणार नाही.

१९५५ च्या सुमारास ‘रॉक अँड रोल’ची लाट आली. एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे तरुण श्रोता धावू लागला, आणि नभोवाणी केंद्रांनी कंट्री गाण्यांना रजा देण्यास सुरुवात केली. गायकांचे दौरे आटले, वादकांचे काम गेले. या संकटातून १९५८ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनची स्थापना झाली. ती रसिकांची सभा नव्हती, आणि विद्वानांची परिषदही नव्हती. गायक, गीतकार, प्रकाशक, निवेदक, दलाल व ध्वनिमुद्रिका-व्यावसायिक यांचा तो व्यापारी संघ होता. पहिल्या काही कर्मचाऱ्यांत जो वॉकर या बाई होत्या. १९६२ मध्ये संस्थेची सर्व सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि १९९१ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. जाहिरातदारांना पटवून देणे हे संस्थेचे पहिले काम: हे संगीत ऐकणारा माणूस अडाणी किंवा कफल्लक नाही, तोही मोटार घेतो, साबण घेतो, विमा उतरवितो. हे काम इतक्या नेटाने झाले की, १९६१ मध्ये सर्ववेळ कंट्री संगीत वाजविणारी नभोवाणी केंद्रे अवघी ८१ होती, ती १९६९ पर्यंत सहाशेंवर गेली.

१९६१ मध्ये संस्थेने थोर कलावंतांसाठी ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तिमंदिर, स्थापिले. जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि प्रकाशक-गीतकार फ्रेड रोझ हे त्याचे पहिले तीन मानकरी. तिघेही तोवर दिवंगत झाले होते. गतकालाचा सन्मान झाला; आता वर्तमानाचा करावयाचा होता. १९६७ च्या ऑक्टोबरात नॅशव्हिलच्या नगर सभागृहात पहिला पारितोषिक समारंभ झाला, आणि ‘वर्षातील श्रेष्ठ कलावंत’ हा मान एडी अर्नल्ड यांना मिळाला. दुसऱ्या वर्षी समारंभ रायमनमध्ये झाला आणि त्याचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आले. तिसऱ्या वर्षापासून तो थेट प्रक्षेपित होऊ लागला. २००५ चा समारंभ न्यूयॉर्क येथे झाला, तो अपवाद सोडल्यास नॅशव्हिल सुटलेले नाही.

गवताच्या गंज्या आणि फाटकी पँट या वेषात ज्यांना आजवर विनोदासाठी उभे करीत, ते लोक आता संध्याकाळच्या भारी पोषाखात, लखलखत्या रंगमंचावर, साऱ्या राष्ट्रासमोर आले. या दृश्याचा त्या खेडुतांच्या मनावर काय परिणाम झाला असेल, हे आपण समजू शकतो. पण येथेच एक गाठही पडली. प्रतिष्ठा मिळविण्यासाठी जो दरवाजा उघडला, त्यातून बाहेरचे लोक आत येणारच. मग आपले कोण आणि परके कोण?

३. निवडीची रीत

वादांकडे वळण्यापूर्वी निवडीची पद्धत पाहणे उचित होईल. पारितोषिके बारा आहेत. श्रेष्ठ गायक, श्रेष्ठ गायिका, गायकवृंद, गायकद्वय, नवोदित कलावंत, श्रेष्ठ वादक इत्यादी विभाग समजण्यास सोपे आहेत. परंतु तीन विभागांतील भेद मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. ‘वर्षातील आल्बम’ हे संपूर्ण गीतसंग्रहाचे पारितोषिक. ‘वर्षातील एकल ध्वनिमुद्रिका’ हे एका मुद्रित गाण्याचे. ते गाणाऱ्यास व निर्मात्यास मिळते. ‘वर्षातील गीत’ हे मात्र गीत रचणाऱ्यास दिले जाते. ते कोणी गायिले याचा तेथे संबंध नाही. आपण कवी, संगीतकार आणि गायक यांना वेगवेगळा मान देतो, त्यातलाच हा प्रकार. नॅशव्हिल हे मुळात गीतकारांचे गाव असल्यामुळे तेथे या पारितोषिकास मोठे मोल आहे.

सर्वांत शेवटी जाहीर होणारे आणि सर्वांत मानाचे पारितोषिक म्हणजे ‘वर्षातील श्रेष्ठ कलावंत’. येथे केवळ गळा पाहिला जात नाही. रंगमंचावरील सादरीकरण, लोकप्रियता, वागणूक, नेतृत्व आणि कंट्री संगीताची प्रतिमा उंचावण्यास झालेला हातभार, हे सारे विचारात घ्यावे असे नियमांत सांगितले आहे. सूक्ष्मपणे पाहिल्यास ‘तू किती चांगला गातोस?’ यापेक्षा ‘तू आमचा प्रतिनिधी म्हणून शोभतोस का?’ असाच हा प्रश्न आहे.

मतदान तीन फेऱ्यांत होते. पहिलीत सभासद नावे सुचवितात, दुसरीत त्या यादीतून बहुधा पाच नावे निवडली जातात, आणि तिसरीत त्या पाचांतून एक. मोजणी स्वतंत्र हिशेबतपासनीसांच्या देखरेखीखाली होते. मतदार सर्वसामान्य श्रोते नव्हेत. या व्यवसायातून उपजीविका करणारे काही हजार सभासद. म्हणजे हा जनतेचा कौल नाही, आणि समीक्षकांचा निवाडाही नाही. एका पेशातील माणसांनी आपल्या पेशाविषयी दिलेले ते मत आहे. त्यामुळे जेवणाच्या पंक्तीस कोण बसावे, हे घरच्यांनीच ठरवावे तसे काहीसे होते.

४. परके आणि घरचे

१९७४ मध्ये श्रेष्ठ गायिकेचा मान ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना मिळाला. त्यांचा जन्म इंग्लंडमधील केंब्रिजचा, बालपण ऑस्ट्रेलियात गेलेले, आणि गाण्याचा घाट शहरी, मऊसूत. त्या वर्षी त्यांच्यासमोर लॉरेटा लिन आणि डॉली पार्टन होत्या. एक केंटकीतील खाणकामगाराची मुलगी, दुसरी टेनेसीच्या डोंगरातील गरीब शेतकऱ्याची. नॅशव्हिलमध्ये असंतोष उसळला. जॉर्ज जोन्स व टॅमी वाइनेट या दांपत्याच्या घरी कलावंत जमले, आणि कंट्री संगीताचे शुद्ध स्वरूप राखण्यासाठी त्यांनी एक वेगळी संघटना काढली.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९७५ मध्ये, तर नाट्यच घडले. गतवर्षीचे मानकरी चार्ली रिच नव्या श्रेष्ठ कलावंताचे नाव जाहीर करण्यास उभे राहिले. त्यांनी पाकीट उघडले, खिशातून लायटर काढला, नावाची चिठ्ठी पेटविली, आणि ती जळत असताना जॉन डेन्व्हर यांचे नाव वाचले. डेन्व्हर हे लोकप्रिय गायक होते. पण अनेकांच्या मते ते कंट्रीपेक्षा पॉपच्या घरचे. स्वतः डेन्व्हर त्या वेळी ऑस्ट्रेलियात होते. उपग्रहाद्वारे त्यांनी नम्रपणे आभार मानले. चिठ्ठी जळाल्याचे त्यांना दिसलेही नव्हते. रिच यांचे हे कृत्य निषेधाचे होते असे बहुतेकांनी धरले. परंतु त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले की, तो फसलेला विनोद होता. वेदनाशामक औषधे आणि मद्य यांचाही त्यात भाग होता. शिवाय रिच यांची स्वतःची गाणी पॉपच्याच मांडवात गाजली होती. जाळण्याचा अधिकार त्यांना कोणत्या शुद्धतेने दिला होता, असा प्रश्न कोणीही विचारावा.

तथापि या निषेधकर्त्यांस संकुचित म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. ते ज्यासाठी भांडत होते ते खोटे नव्हते. १९६० नंतर नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी फिडल व स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचे ताफे आणि मागे गाणारे गोड आवाज पुढे आणले होते. त्यात गाणे शहरात खपू लागले, पण ज्याच्या बोटांत तो जुना ढंग होता त्या वादकाची भाकरी गेली. गायकाला परका म्हणणे सोपे होते. खरा रोष कारखानदारीवर होता. आणि इतिहासाचा विनोद पाहा: या निषेधकर्त्यांतच असलेल्या डॉली पार्टन यांनी १९७७ मध्ये पॉपच्या ढंगाचे गाणे गाऊन सारा देश जिंकला, आणि १९७८ मध्ये त्यांनाच श्रेष्ठ कलावंताचा मान मिळाला. त्यांना परकी म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. मग १९७४ चा आक्षेप गाण्यावर होता की गाणारीच्या जन्मगावावर?

याच प्रश्नाचे दुसरे अंग १९९९ मध्ये दिसले. जॉर्ज जोन्स हे तोवर वृद्ध झाले होते; त्या वर्षी मोठ्या मोटार अपघातातून ते वाचले होते, आणि त्यांचे गाणे नामांकनांत होते. समारंभात गाणे आटोपशीर करून गावे अशी सूचना त्यांना झाली. ते आलेच नाहीत. अ‍ॅलन जॅक्सन हे गायक आपले ठरलेले गाणे गाता गाता मध्येच थांबले, जोन्स यांच्या त्या गाण्याचे धृपद त्यांनी म्हटले आणि रंगमंचावरून निघून गेले. सारे सभागृह उभे राहिले. येथे परका कोणी आला नव्हता. घरच्या वडीलधाऱ्यालाच ओसरीवर बसविले गेले होते, आणि ते बसविणारे होते वेळेचे गणित. सीमा राखण्याची ओरड जेथे सर्वांत मोठी, तेथेच आपल्या वृद्धांना अर्धे कडवे मिळते, हा अनुभव केवळ अमेरिकेचा नव्हे.

दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, ‘वर्षातील गीत’ म्हणून निवडले गेले ते गीत नॅशव्हिलच्या व्यवसायाने जुन्या कंट्री संगीताचा खून केला, असा उघड आरोप करणारे होते. ज्यांच्यावर आरोप त्यांनीच त्यास पारितोषिक दिले. या घटनेकडे ढोंग म्हणून पाहता येईल. मला त्यात घराच्या प्रकृतीचे लक्षण दिसते: आपल्यावरील टीकेस जी संस्था मान देऊ शकते, तिची प्रकृती अगदीच बिघडलेली नसते.

५. उंबरठ्यावरचे

आता डीफोर्ड बेलीकडे वळू. ‘ग्रँड ओल ओप्री’ला नाव मिळाले त्या प्रसंगी वाजविणारा हा कलावंत १९४१ मध्ये कार्यक्रमातून काढला गेला. त्यानंतर नॅशव्हिलमध्येच लोकांचे जोडे पुसण्याचे दुकान चालवून त्याने पोट भरले. तो १९८२ मध्ये वारला. कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले ते २००५ मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

चार्ली प्राइड यांची कथा याहून उजळ, पण तितकीच बोलकी आहे. मिसिसिपीतील कापूस पिकविणाऱ्या कुळाचा हा मुलगा. प्रथम बेसबॉलच्या खेळात नशीब काढावयास निघाला, आणि नंतर गाण्याकडे वळला. १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका नभोवाणी केंद्रांकडे गेल्या, त्या गायकाच्या छायाचित्राविना. कंपनीचा हिशेब असा होता की, लोकांनी प्रथम आवाज ऐकावा. चेहरा नंतर पाहावा. लोकांना आवाज आवडला. १९७१ मध्ये प्राइड श्रेष्ठ कलावंत ठरले. पुढच्याच वर्षी हा मान लॉरेटा लिन यांना मिळाला. स्त्रीला तो मिळण्याची ती पहिली वेळ. या दोन वर्षांत समारंभाने आपली कक्षा खरोखर रुंदावली. पण प्राइड यांच्या मागोमाग दुसरे कोणी आले नाही. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांना जीवनगौरव देण्यात आला, आणि डिसेंबरात कोरोनाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. दार एका माणसापुरते उघडून मागे लोटून घेतले गेले होते.

२०१६ मध्ये पन्नासाव्या समारंभात बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेने आपले कंट्री ढंगाचे गाणे सादर केले. त्या टेक्ससच्या, म्हणजे कंट्री संगीताच्या पाळण्यातल्याच. तरी त्यांना तेथे का बोलाविले म्हणून पुष्कळ संताप व्यक्त झाला. २०२४ मध्ये त्यांचा ‘काउबॉय कार्टर’ हा आल्बम आला. त्या वर्षी नॅशव्हिलच्या या समारंभात त्यास एकही नामांकन मिळाले नाही. परंतु २०२५ च्या ग्रॅमी पारितोषिकांत कंट्री विभागातील श्रेष्ठ आल्बम तोच ठरला. एका पंचांनी ज्यास उंबरठ्यावरही बसू दिले नाही, त्यास दुसऱ्यांनी पाटावर बसविले. कोणाचे बरोबर याचा निवाडा मी करीत नाही. सभासदांची रुची निराळी असू शकते, आणि नामांकन न मिळणे हा प्रत्येक वेळी अन्यायच असतो असे नाही. पण बेली आणि प्राइड यांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्याच्या मनात शंका यावी हे स्वाभाविक आहे.

या सर्वांत २०२३ ची एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. ट्रेसी चॅपमन या कृष्णवर्णीय कवयित्री-गायिकेने १९८८ मध्ये ‘फास्ट कार’ हे गीत लिहून गायिले होते. दारिद्र्यातून निघून जाऊ पाहणाऱ्या एका तरुणीचे ते गीत. तेव्हा कोणी त्यास कंट्री म्हटले नाही. पस्तीस वर्षांनी नॉर्थ कॅरोलिनाचे कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स यांनी ते गीत, त्यातील शब्द न बदलता, गायिले. ते साऱ्या देशात पसरले. ‘वर्षातील एकल ध्वनिमुद्रिका’ कोम्ब्स यांना मिळाली. आणि ‘वर्षातील गीत’ हे पारितोषिक नियमाप्रमाणे रचनाकर्त्रीस, म्हणजे चॅपमन यांना, गेले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार होत.

येथे नियमाने एक चांगले काम केले. गीत आणि गायक यांत भेद करणारा तो विभाग नसता, तर चॅपमन यांचे नाव त्या रंगमंचावरून उच्चारले गेले नसते. ते गीत आत आले, कारण तेथे मतदारांसमोर गीतच होते. गाणारीचे गाव, रंग, घराणे यांचा प्रश्न नव्हता. अर्थात यात कडवटपणाही आहे. गीतास दार उघडले ते एका गोऱ्या गायकाच्या आवाजात ते आले तेव्हा. पूर्वी प्राइड यांचा चेहरा झाकून आवाज पाठविला गेला. येथे आवाज बदलून शब्द पाठविले गेले. तरीही शब्द पोहोचले, आणि ज्याचे त्यास श्रेय मिळाले.

६. परीक्षकांसाठी

एवढा इतिहास सांगून ‘सीमा नकोतच’ असा निष्कर्ष मी काढू इच्छित नाही. सीमेवाचून पारितोषिक नाही. ज्यात सारेच बसते त्या विभागात कोणाचाच सन्मान होत नाही. जी भाषा किंवा जी कला मोठ्या बाजारात दबली जाते, तिला आपले अंगण आखून घ्यावेच लागते. महाराष्ट्राबाहेर मराठीचे अंगण राखणाऱ्या आपणा सर्वांस हे कोणी सांगावयास नको.

परंतु सीमा दोन प्रकारच्या असतात, हे नॅशव्हिलवरून स्पष्ट दिसते. एक सीमा कृतीची: फिडल वाजते की नाही, गाण्यात कथा आहे की नाही, त्या ढंगाचे मर्म आहे की नाही. या सीमेविषयी भांडावे. त्या भांडणातून कला घासून लख्ख होते. दुसरी सीमा माणसाची: तो कोठला, कोणाचा, दिसतो कसा, बोलतो कसा. ही सीमा नियमांत लिहिलेली नसते. म्हणूनच ती अधिक घट्ट असते. १९७४ साली या दोन्ही सीमा एकमेकींत मिसळल्या गेल्या. वादकांची खरी तक्रार जन्मगावाच्या तक्रारीखाली दडली, आणि तिचे निवारण झालेच नाही. जेव्हा जेव्हा आपण ‘हे आपले नाही’ असे म्हणतो, तेव्हा यांपैकी कोणत्या सीमेवर आपण उभे आहोत, हे परीक्षकाने आपल्या मनाशी तपासून पाहणे अवश्य आहे. आणखी एक: ज्या कलेचे मूळच मिश्र, तिच्या शुद्धतेची मोजणी कोठून सुरू करावयाची, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बँजो परत केल्यावर कंट्री संगीतात काय उरेल?

आमच्या शाळेतील त्या मुलीच्या ओव्या मी कृतीच्या कसोटीवर पारखल्या नव्हत्या. जात्याची लय, सासरमाहेराचा विषय, ओवीची घडण या सर्वांत त्या पूर्ण उतरत होत्या. मी शब्द मोजले, आणि ते शब्द कोणत्या घरातून येतात त्यावरून निकाल दिला. त्यानंतरच्या वर्षी मी नियमात एवढाच बदल केला: ‘मराठी लोकगीत’ याऐवजी ‘आपल्या घरी गायिले जाणारे लोकगीत’. स्पर्धा मोडली नाही. उलट परीक्षकांना अधिक कान देऊन ऐकावे लागले. ती मुलगी मात्र तोवर शाळा सोडून गेली होती.